नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचे अंतर आहे. जमातींच्या इतिहासात पुष्कळदा तेवढेही उरत नाही.

जर्मानिक जमातींचेच पाहा. ‘जर्मानी’ हे सामुदायिक नाव रोमनांनी रूढ केले. गॉथ, व्हँडल, फ्रँक हे लोक आपापल्या जमातीच्या नावानेच स्वतःला ओळखत. इ. स. ९८ मध्ये टॅसिटसने ‘जर्मानिया’ लिहिला. रोमच्या अधःपतनाला आरसा दाखवावा म्हणून त्याने या लोकांच्या साधेपणाची, शौर्याची आणि अमिश्र वंशाची वाखाणणी केली. पंधराव्या शतकात त्या ग्रंथाची हस्तलिखित प्रत पुन्हा उजेडात आली आणि परक्याने रेखाटलेले ते चित्र जर्मन विद्वानांनी आत्मचित्र म्हणून स्वीकारले. पुढे नाझींनी त्यातल्या ‘शुद्ध वंशा’चे काय केले, हे सर्वश्रुत आहे.

व्हँडलांच्या वाट्याला याच्या उलट आले. ४५५ मध्ये त्यांनी रोम लुटले; त्याआधी ४१० मध्ये व्हिसिगॉथांनीही लुटले होते. पण १७९४ मध्ये फ्रान्समध्ये आबे ग्रेग्वार यांनी कलाकृतींच्या विध्वंसाला ‘व्हँडॅलिझम’ म्हटले आणि एका जमातीचे नाव कायमची शिवी झाले. प्रतिवाद करायला व्हँडल उरले नव्हते. त्यांच्या भाषेतले लेखनही जवळजवळ उरलेले नाही.

आपल्याकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, ‘विमुक्त’ हे नवे नाव मिळाले. जुन्या नावांतली शिवी मात्र भाषेतून रद्द झाली नाही. पाटोद्यात आमच्यासमोर तांड्यांवरची, पालांवरची, ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुले बसतात. हजेरीत एखादे आडनाव पुकारले की मागच्या बाकांवर हसू फुटते, ते आम्ही ऐकले आहे.

म्हणूनच ‘उपरा’ (१९८०), ‘उचल्या’ (१९८७) आणि ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) ही तीन शीर्षके आम्हांस महत्त्वाची वाटतात. तिन्ही नावे इतरांनी ठेवलेली, हिणवणारी. लक्ष्मण माने, लक्ष्मण गायकवाड आणि किशोर शांताबाई काळे यांनी ती उचलून स्वतःच्या ग्रंथांच्या माथ्यावर ठेवली. व्हँडलांना जे जमले नाही, ते येथे घडले.

आणि आम्ही अध्यापक काय करतो? ‘अमुक आत्मकथनातील जमातीच्या रूढी-परंपरा लिहा’ असा प्रश्न काढतो. हा टॅसिटसचा प्रश्न आहे. लेखकाच्या हातची लेखणी काढून घेऊन त्याला पुन्हा निरीक्षणाचा विषय करणारा. निवेदन, भाषा, मौन, उपरोध यांविषयी आम्ही क्वचितच विचारतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हिणवण्याला उत्तर म्हणून प्रत्येक जमातीला एखाद्या राजवंशाशी जोडण्याचा मोह समजण्यासारखा आहे. परंतु ‘जर्मानिया’चा उत्तरेतिहास सांगतो की उसनी स्तुतीही निंदेइतकीच घातक ठरते. या तीन लेखकांनी तो मोह टाळला. माने जातपंचायतीला सोडत नाहीत, गायकवाड चोरी झाकत नाहीत, काळे बाईच्या कमाईवर जगणाऱ्या घरच्या पुरुषांना माफ करीत नाहीत. हे आत्मपरीक्षण बाहेरच्या कोणत्याही निरीक्षकाला साधणारे नव्हते.

तेव्हा ही पुस्तके ‘सामाजिक दस्तऐवज’ म्हणून नव्हे, तर साहित्य म्हणून शिकवावीत, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. आरंभ प्रश्नपत्रिकेपासून करता येईल. मागच्या बाकांवरचे हसू त्याने लगेच थांबेल असे नाही. पण ज्याचे आडनाव पुकारले गेले, त्याला मान वर करायला एक वाक्य तरी सापडेल.