किट दिले, पण चूल कुठे आहे?

मागच्या आठवड्यात मधुमेहींनी पायाची काळजी कशी घ्यावी हे लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली आहेत. त्यांची उत्तरे पुढच्या वेळी देतो. आज एका वेगळ्याच दुखण्याविषयी लिहायचे आहे. हे दुखणे रोग्याचे कमी आणि मदत करणाऱ्यांचे जास्त आहे.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या कोनमध्ये एका मोठ्या कंपनीने आरोग्य शिबिर भरवले. कंपनीचे नाव घेत नाही, कारण माणसे वाईट नव्हती. मंडप होता, फ्लेक्स होता, बोटातून रक्त काढून साखर तपासणाऱ्या मुली होत्या. व्यासपीठावर शाल-श्रीफळही होते. त्यातले एक श्रीफळ माझ्या वाट्याला आले आणि मी ते घेतले, खोटे कशाला बोलू? शेवटी क्षयरोगाच्या बारा रुग्णांना धान्याची किट वाटायची होती. त्यांची नावे माईकवरून पुकारली गेली. बारांपैकी सात जण पुढे आले. उरलेले पाच मंडपाच्या कडेला उभे होते, मला दिसत होते, पण फोटोत यायला तयार नव्हते. टी.बी. आहे हे मालकाला कळले तर माग जातो आणि खोलीतल्या सोबत्यांना कळले तर खाट जाते, एवढे त्यांना ठाऊक होते. मलाही ते ठाऊक होते. तरी मी व्यासपीठावर गप्प बसून राहिलो. ही माझी चूक.

चार दिवसांनी त्या सातांपैकी एक जण दवाखान्यात आला. पूर्वांचलातून आलेला, तिशीतला यंत्रमाग कामगार, वजन 41 किलो. गोळ्यांचा दुसरा महिना चालू होता. बोलता बोलता कळले की किट त्याने नाक्यावरच्या किराणा दुकानात तीनशे रुपयांना विकले. मी चिडलो. "अरे, तुझ्या जिवासाठी दिले आणि तू विकलेस?" तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टरसाब, चूल्हा किधर है?"

भिवंडीबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. आमच्याकडे माग चालवणारे हजारो पुरुष गावी बायकापोरे ठेवून येतात. एका खोलीत आठ-दहा जण राहतात, तेही पाळीपाळीने, कारण बारा तासांची पाळी संपवून एक येतो तेव्हा दुसरा उठून जातो. त्या खोलीत स्टोव्ह नसतो, पातेले नसते. जेवण खानावळीत, तिला इकडे बिशी म्हणतात. महिन्याचा हिशेब, दोन वेळा भात, पोळी, पातळ वरण, एक भाजी. अशा माणसाच्या हातात तांदूळ, तूरडाळ आणि तेलाची पिशवी दिली तर तो तिचे काय करणार? विकणारच. मी त्याच्या जागी असतो तर मीही विकली असती.

खाण्याचा एवढा आग्रह का, असे कोणी विचारेल. टी.बी.ची औषधे सरकारी केंद्रात फुकट मिळतात आणि चांगली असतात. साधा क्षय सहा महिन्यांत बरा होतो. पण उपाशी शरीरात औषध नीट लढत नाही. झारखंडच्या चार जिल्ह्यांत 2019 ते 2022 या काळात एक मोठा अभ्यास झाला. सुमारे 2800 रुग्णांना सहा महिने दरमहा 10 किलो शिधा आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन 5 टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी आढळला. निम्म्या घरांतील माणसांनाही धान्य आणि डाळ दिली होती. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. तीस वर्षे दवाखान्यात बसून जे डोळ्यांना दिसत होते, त्याला आकडा मिळाला एवढेच. आता आमच्या माणसाचे "घर" म्हणजे ती आठ जणांची खोली, हे लक्षात घ्या. एक खोकतो, सात जण तीच हवा घेतात. (दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासून घ्या, हे मी दरवर्षी लिहितो. आजही लिहितो.)

सरकारचे काही नाही असे नाही. निक्षय पोषण योजनेत 2018 पासून रुग्णाला दरमहा 500 रुपये मिळत, नोव्हेंबर 2024 पासून 1000 केले. पण पैसे बँक खात्यात जातात. आमच्या कामगाराचे खाते बहुधा गावी असते आणि ते पैसे तिकडेच खर्चतात. त्याला बोल लावता येत नाही, तो इथे आला आहे तोच गावी पैसे पाठवायला. दुसरी सोय निक्षय मित्रांची. सप्टेंबर 2022 मध्ये ती सुरू झाली. कोणीही व्यक्ती, संस्था किंवा कंपनी रुग्णाच्या संमतीने त्याला किमान सहा महिने पोषक आहार देऊ शकते. योजनेत दोन शब्द फार नेमके आहेत, "संमती" आणि "सहा महिने". आमच्या शिबिरात दोन्ही नव्हते.

आता कंपन्यांकडे वळतो. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपयांच्या वर आहे, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. 1 एप्रिल 2014 पासून हे लागू आहे. आपल्या कामाच्या जागेच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. माणकोली, पूर्णा, काल्हेर, राहनाळ, वळ या बाजूला गोदामांच्या रांगा पाहा. देशातल्या कितीतरी मोठ्या कंपन्यांचा माल तिथे पडून आहे. त्यांची कार्यालये मुंबईत, गुरुग्राममध्ये, बंगळुरूत. मग त्यांच्या कामाची जागा कोणती? माल जिथे चढतो-उतरतो ती जागा त्यांची नव्हे काय? आमच्या रस्त्यावरचे खड्डे त्यांच्या ट्रकांना नक्की ओळखतात.

कोणी म्हणेल, डॉक्टर, शिबिरांना नावे ठेवू नका. ठेवत नाही. काही दुखणी एका दिवसात संपतात, त्यांना शिबिरच बरे. लाइफलाइन एक्स्प्रेस ही रुग्णालयाची रेल्वेगाडी 1991 साली खलारीला पहिल्यांदा उभी राहिली. रेल्वेने डबे दिले, मुंबईच्या इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशनने काम उभारले आणि मुक्कामांचा खर्च कंपन्या उचलत आल्या. मोतीबिंदू काढला, फाटलेला ओठ शिवला की ते काम झाले. गाडी पुढे गेली तरी रुग्णाचे नुकसान होत नाही. क्षय, मधुमेह, रक्तदाब यांचे तसे नाही. तिथे पहिला दिवस सोपा असतो, खरी परीक्षा नव्वदाव्या दिवशी. खोकला थांबलेला असतो, भूक परत आलेली असते, गोळ्यांचा कंटाळा आलेला असतो. माणूस गोळ्या सोडतो ते नेमके तेव्हा, आणि पुढे औषधाला न जुमानणारा क्षय होतो तो अशांपैकी काहींना.

टिकून केलेल्या मदतीची उदाहरणे आपल्याकडेच आहेत. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र 1997 पासून कर्करुग्णांची वेदना कमी करण्याचे काम विनामूल्य करते. त्याच कंपनीने फेब्रुवारी 2001 मध्ये एच.आय.व्ही.वरची तीन औषधे एका परदेशी डॉक्टरांच्या संस्थेला माणशी वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा श्रीमंत देशांत त्यांना 10 हजार डॉलरहून जास्त मोजावे लागत. आफ्रिकेतल्या रुग्णांना त्याचा जो उपयोग झाला तो औषध रोज आणि आयुष्यभर परवडू लागल्यामुळे. आजच्या आपल्या नियमांत परदेशातले काम त्या 2 टक्क्यांत धरले जात नाही, खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा अपवाद सोडला तर. मला त्यात फारसे वाईट वाटत नाही. आधी कोन, मग केनिया.

शिबिरानंतर मी त्या कंपनीच्या कार्यालयात फोन केला. बाई तरुण होत्या, नम्र होत्या. मी म्हटले, किट नको, बिशीवाल्याला पैसे द्या. रोज दोन अंडी, एक पेला दूध, एक वाटी घट्ट डाळ जास्त. माझ्या हिशेबाने दिवसाला 50 रुपये, सहा महिन्यांचे 9000. बारा जणांचे एक लाख आठ हजार. मंडपाचा खर्च किती आला हे मी विचारले नाही. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, किट नगावर मोजता येतात. खानावळीचे बिल आम्ही अहवालात कसे दाखवायचे? आणि फोटो?" त्यांचे चूक नव्हते. वर कोणीतरी त्यांनाही असेच विचारत असणार. पण नियमांत तर एखादे काम सुरू झालेल्या वर्षानंतर आणखी तीन वर्षे चालवण्याची सोय आहे. मग सहा महिन्यांचे अंडे-दूध का बसू नये?

दिवाळीनंतर आमच्याच गावातल्या एका गोदाममालकाने ते केले. त्याच्या धंद्याला तो 2 टक्क्यांचा कायदा लागूही होत नाही. चार रुग्ण, नावे फक्त मला आणि बिशीवाल्याला ठाऊक. बिशीवाल्याने वहीत त्यांच्यापुढे नाव न लिहिता नुसते "अंडा" लिहिले. किट विकणाऱ्याचे सहा महिने तोवर पुरे होत आले होते, तरी शेवटचे काही आठवडे त्यालाही त्यात घेतले. तो आता बरा आहे. उरलेल्या तिघांपैकी दोघांचा कोर्स पुरा झाला, एकाचे वजन दोन महिन्यांत 43 वरून 47 वर गेले. चौथा चौथ्या महिन्यात बहिणीच्या लग्नाला गावी गेला. जाताना गोळ्या आणि कागद बरोबर दिले आहेत, तिकडच्या केंद्राला कळवले आहे, पण त्याचा फोन लागत नाही. बिशीवाला दर सोमवारी विचारतो, त्याचे खाते बंद करू का. मी अजून नाही म्हणतो आहे.