जवळ्याचे दूरचे नातलग

बालमित्रांनो, वेसाव्याच्या बंदरावर उन्हात वाळत घातलेला जवळा पाहिला आहे ना? निदान त्याचा वास तरी नाकात शिरलाच असेल! ताजा असताना हा दोन-तीन सेंटिमीटरचा जीव काचेसारखा पारदर्शक दिसतो. तो कोळंबीच्या गणगोतातला. आपले कोळी बांधव किनाऱ्याजवळ डोल जाळे लावून तो पकडतात.

आज भेटू या त्याच्या दूरच्या नातलगांना. भर समुद्रात राहणाऱ्या या कवचधारी प्राण्यांचं नाव आहे कोपेपॉड, म्हणजे वल्ह्यासारखे पाय असलेला. बहुतेक कोपेपॉड तिळाएवढेसुद्धा नसतात.

भर समुद्रात लपायला ना खडक, ना झाडझुडूप. मग मोठ्या माशांपासून वाचायचं कसं? त्यांतल्या पुष्कळांनी एक युक्ती शोधली. दिवसा खाली अंधारात बसायचं आणि रात्री वर येऊन सूक्ष्म वनस्पती खायच्या. उजाडलं की पुन्हा खाली!

आता एक गणित करा. २ मिलिमीटरचा कोपेपॉड ३०० मीटर वर आला, तर तो स्वतःच्या लांबीच्या किती पट चालला? दीड लाख पट! सव्वा मीटर उंचीच्या मुलाला तेवढं चालायचं तर सुमारे १८७ किलोमीटर होतील. म्हणजे रोज रात्री अंधेरीहून थेट नाशिकच्या पुढे, आणि सकाळी परत!

आपल्या अरबी समुद्रात आणखी एक अडचण आहे. साधारण १५० ते १००० मीटर खोलीच्या पट्ट्यात प्राणवायू फारच कमी असतो. तरी काही कोपेपॉड दिवसा तिथे जातात. शरीराची कामं मंद करून ते तग धरतात. पाठलाग करणाऱ्या बऱ्याच माशांना मात्र तिथे दम धरवत नाही. आहे की नाही गंमत?

१९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. जहाजांनी गोळा केलेले असे जीव कोचीनला, ताटातले तांदूळ निवडावेत तसे, निवडले गेले. त्यानंतर १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. ती गोव्यात आहे, आणि तिचं एक केंद्र आपल्या अंधेरीतच आहे, बरं का!

या चिमुकल्यांना खाऊन लहान मासे जगतात आणि लहान माशांवर मोठे. पण प्रयोगशाळेत असंही दिसलं आहे की कोपेपॉड प्लास्टिकचे बारीक कणही गिळतात. तेव्हा चौपाटीवर गेलात, तर खाऊची पिशवी घरी परत आणायची. आईबाबांनाही सांगा!

करून पाहा : खोल पाण्यातले कित्येक कवचधारी लालभडक असतात. ते लपतात कसे? टॉर्चवर निळा जिलेटिन कागद दोन-तीन पदरी लावा आणि अंधाऱ्या खोलीत लाल चेंडूवर उजेड पाडा. चेंडू काळपट दिसेल. लाल प्रकाश समुद्रात खोलवर पोहोचतच नाही, म्हणून तिथे लाल अंगरखा घातला की झालंच गायब!