नव्या नोकरीचा पहिला दिवस

गेल्या जून महिन्यात आमचा एक माजी विद्यार्थी आपल्या वडिलांसह आम्हांस भेटावयास आला. त्याच्या हाती शिक्षकाच्या जागेचे नियुक्तिपत्र होते, व नेमणूक आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, भीमाशंकराच्या डोंगराळ मुलखातील एका गावी झाली होती. मुलाच्या मुद्रेवर आनंद होता. वडिलांच्या मुद्रेवर मात्र चिंता दिसत होती. आमच्या हातावर पेढा ठेवून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "सर, तिकडून बदली किती वर्षांनी होते?"

हा प्रश्न आम्ही इतक्या पालकांच्या तोंडून ऐकला आहे की त्याचे आता आश्चर्य वाटत नाही. वाईट मात्र वाटते. ज्या गावात मुलाने अद्याप पाऊल टाकले नाही, तेथून त्यास सोडवून आणण्याची खटपट घरी सुरू झालेली असते. कोणाचा वशिला लागेल, मंचरास खोली घेऊन रोज अप-डाऊन करता येईल काय, याचा विचार आधी होतो. शाळेत मुले किती आहेत, हे विचारावयाचे राहून जाते. आमचे मत असे आहे की, नोकरीचा पहिला दिवस रुजू होण्याच्या तारखेस उजाडतच नाही. तो घरातल्या अशा बोलण्यातच उजाडतो, आणि पुष्कळदा तेथेच नासतो.

पहिल्या दिवशी स्वच्छ कपडे असावेत, वेळेवर जावे, कागदपत्रे नीट लावून न्यावीत, वरिष्ठांस नम्रपणे भेटावे, हे सर्व खरे आहे व सर्वांस ठाऊकही आहे. त्यावर शाई खर्च करण्याचे प्रयोजन नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते निराळे आहे, आणि ते आम्ही आमच्या फजितीतून शिकलो आहो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही पदवी व शिक्षणशास्त्राचे प्रशिक्षण घेऊन याच डोंगरपट्ट्यातील एका शाळेत रुजू झालो. जुलै महिना होता. घोडेगाव सोडून डिंभ्याच्या धरणापुढे गाडी चढणीस लागली आणि पाऊस असा सुरू झाला की खिडकीतून रस्ताही दिसेना. कोणता थांबा आपला, हे आम्ही कोणासही विचारले नव्हते. विचारणे कमीपणाचे वाटले. परिणामी दोन थांबे पुढे जाऊन उतरलो आणि नवे कातडी बूट चिखलात ओढीत दीड तास उशिरा शाळेत पोहोचलो. तशा स्थितीतही आम्ही "शिस्त" या विषयावर अर्धा तास व्याख्यान दिले! कॉलेजात ऐकलेली सर्व मोठमोठी वाक्ये त्यात होती. मुले डोळे विस्फारून आमच्या बुटांकडे पाहत होती.

पुढे हजेरी घेतली. अकरा मुले गैरहजर निघाली. आम्ही त्या अकरा नावांपुढे "विनाकारण" असा शेरा लाल शाईने लिहिला. शाळेचे शिपाईमामा दाराशी उभे होते. ते काही बोलले नाहीत. शाळा सुटल्यावर मात्र म्हणाले, "सर, चला, तुमास्नी गाव दाखवितो." त्यांनी आम्हांस एका भातखाचरापाशी नेले. आमचे अकराच्या अकरा विद्यार्थी तेथे गुडघाभर चिखलात, पाठीवर इरली घेऊन, घरच्यांबरोबर रोपे लावीत होते. मामा हळूच म्हणाले, "पोरं काय पळून गेली न्हाईत सर. आवणी हाय. चार दिसांनी समदी येतील." चार दिवसांनी ती सर्व आली. तोवर आम्ही तो लाल शेरा खोडला होता, परंतु खोडलेली रेघ हजेरीपटावर वर्षभर दिसत राहिली.

त्या गावात वर्षभराचे अन्न त्या चार दिवसांवर अवलंबून असते, आणि उन्हाळ्यात हिरडा गोळा करून विकावा तेव्हा घरात रोकड येते, हे आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. मामांस ते पाठ होते. मामांस आम्ही सकाळी पाणी आणावयास सांगितले होते. त्यांचे नाव विचारले नव्हते.

यावरून कोणी म्हणेल की हे शिक्षकाचे झाले, इतर नोकऱ्यांत असे कोठे असते? आम्ही म्हणतो, सर्वत्र असते. भीमाशंकराचे अरण्य १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. तेथे नव्याने आलेल्या वनरक्षकास नकाशावरील हद्द दाखविली जाते; परंतु आहुप्यासारख्या गावची देवराई गावकऱ्यांनी कोणत्या श्रद्धेने राखली, हे त्यास गावातील वृद्धच सांगू शकतात. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयात बसणाऱ्या नव्या कारकुनासमोर जो माणूस एका दाखल्यासाठी उभा राहतो, तो किती चालून आला व परतीची गाडी केव्हा आहे, हे त्या कारकुनाने पहिल्याच दिवशी जाणून घेतले, तर त्याच्या तोंडून "उद्या या" हे शब्द सहज निघणार नाहीत.

आणि एस. टी.चा चालक? ३० जुलै २०१४ रोजी सकाळी याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला व दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. मुसळधार पाऊस चालू होता; ओरडून सांगावयास गावात फारसे कोणी उरले नव्हते. त्या बाजूस गेलेल्या एस. टी. गाडीच्या चालकास गाव जागेवर दिसेना, आणि त्याच्यामुळे ती वार्ता बाहेर पोहोचली. गाव नाहीसे झाले हे दिसण्यास, तेथे गाव होते हे आधी ठाऊक असावे लागते. ज्याचे लक्ष केवळ पुढच्या बदलीकडे आहे, त्यास तेथे चिखलाचा एक ढीग दिसला असता, आणि त्याने गाडी वळवली असती.

आमच्या समाजातील एक उदाहरण मुलांस सांगण्याजोगे आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले दांपत्य. १९७० साली ते अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर, जिल्ह्यातील जामखेड येथे आले. अमेरिकेत उच्च शिक्षण झालेले. वाटेल त्या शहरात त्यांस मोठी जागा मिळाली असती. जामखेडास लोकांची पहिली गरज औषधाची नव्हतीच. अन्न व पाणी यांची होती. आरोळे दांपत्याने ते ऐकून घेतले, आणि पुढे खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्रियांसच आरोग्याचे शिक्षण देऊन आपले सहकारी केले. हे काम जगभर गाजले व १९७९ साली त्यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो पुरस्कार वैद्यकीय ज्ञानाइतकाच त्या ऐकून घेण्याचाही होता, असे आम्हांस वाटते.

भीमाशंकरच्या देवळासमोर एक जुनी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा ज्या घंटा आणल्या गेल्या त्यांपैकी ही एक, असे सांगतात. समुद्रकाठच्या ख्रिस्ती मुलखातली ही घंटा सह्याद्रीच्या धुक्यात शिवालयापुढे येऊन रुजू झाली. (कशी आणली गेली, तो इतिहास निराळा, तो आम्ही वर्गात शिकवतोच.) नव्या जागी येऊन तिने आपला स्वर सोडला नाही, आणि जुन्या जागेची कुरकुरही केली नाही. आमच्या पदवीधरांत "आमच्या कॉलेजात असे नव्हते" हे वाक्य पहिल्या दिवशी तीन वेळा उच्चारणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यापेक्षा ती घंटा आम्हांस अधिक शहाणी वाटते.

पालकांस एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे प्राप्त आहे. मुलाच्या काळजीपोटी आपण बदलीचा प्रश्न विचारता, हे आम्ही जाणतो. आमच्याही वडिलांनी तो विचारला होता. परंतु त्या डोंगरातही पालक आहेत. दरवर्षी नवा शिक्षक येतो, त्याची बॅग भरलेलीच असते, आणि त्यांच्या मुलास दोन अंकी भागाकार येण्यापूर्वीच तो निघून जातो. त्यांनी कोणास विचारावे?

त्या दिवशी आम्ही त्या माजी विद्यार्थ्यास फार उपदेश केला नाही. एका कागदावर गाडीची वेळ, थांब्याचे नाव व "कातडी बूट नेऊ नये" एवढेच लिहून दिले, आणि एक दिवस आधी जाऊन मुक्काम कर, असे सांगितले. वडील काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मुलास विचारले, "तिथं राहायचं कुणाकडं?"

पुढे दिवाळीच्या सुट्टीत ते आम्हांस बाजारात भेटले. मुलगा आदल्याच दिवशी गेला होता, आणि ती पहिली रात्र त्याने शाळेच्या शिपायाच्या घरी काढली होती. पिशवीतून त्यांनी आमच्यासाठी एक पुडी काढली. तीत नव्या भाताचे, हाताने सडलेले तांदूळ होते.