पान चालतं, पेला चालत नाही

दोस्तहो, रविवारच्या पुरवण्यांत मुन्नारची वर्णनं येतात ती तुम्ही वाचलीच असतील. हिरवा गालिचा, धुक्याची दुलई, भूतलावरचा स्वर्ग. मराठी प्रवासवर्णन लिहिणाऱ्या पांढरपेशाला डोंगर दिसला की कंठ फुटतो आणि माणूस दिसला की त्याची वाचा बसते. चहाचा मळा म्हणजे निसर्ग नव्हे. निसर्गानं कधी झुडपं कमरेएवढी छाटून रांगेत उभी केली नाहीत. तिथं रान होतं. ते तोडलं, जाळलं आणि उतारावर एकेक रोप लावलं. हातांनी लावलं. ते हात कुणाचे, एवढाच माझा सवाल आहे.

मी मुन्नारला गेलो तेव्हा बरोबर धारावीतला मित्र होता. त्याचे आजोबा तिरुनेलवेलीहून येऊन धारावीत कातडी कमवायचे, म्हणून त्याच्या घरी तमिळ चालते. जीपवाल्यानं आम्हाला 'व्ह्यू पॉइंट'वर उतरवलं. तिथं पर्यटक बायका भाड्याची टोपली पाठीला बांधून, डोक्याला फडकं गुंडाळून पानं खुडायचे फोटो काढत होत्या. खऱ्या खुडणाऱ्या बायका खालच्या उतारावर होत्या. त्यांना मात्र एकानं हातानं खूण केली: फ्रेममधून बाजूला व्हा!

माझ्या मित्रानं खाली जाऊन 'अक्का' म्हणून हाक मारली. तिनं पहिलं विचारलं, ऊर कुठलं? म्हणजे गाव कुठलं. त्यानं तिरुनेलवेली सांगितलं तशी ती हसली. तिच्या पणजोबांचंही तेच. एक वाट धारावीला गेली, दुसरी या डोंगरावर. निघाले दोघंही त्याच गावकुसाबाहेरून.

१८७७ साली मन्रो नावाच्या इंग्रजानं पूंजारच्या राजाकडून हे कण्णन देवन डोंगर पट्ट्यानं घेतले. राबायला माणसं हवी होती. ती आणायला कंगाणी तमिळ मुलखातल्या कोरड्या गावांत फिरले. हातावर आगाऊ पैसे ठेवायचे आणि सगळं कुटुंब डोंगरावर चढवायचं. आपल्याकडं ऊसतोडीचा मुकादम उचल देऊन कोयता बांधून घेतो, अगदी तसंच. आले ते बहुसंख्य पल्लर आणि परैयर. गोऱ्या मालकाला आपल्या शास्त्रीबुवांइतकीच जात कळत होती. ज्याला गावात जमीन नाही, विहीर नाही, तोच बायकापोरांसकट थंडीत आणि जळवांत कुडकुडायला तयार होतो, हे त्यानं ओळखलं होतं.

आता गंमत बघा. तमिळ खेड्यांतल्या चहाच्या टपरीवर दोन पेले असायचे. एक गावासाठी, एक यांच्यासाठी. आपल्या खेड्यांतही हॉटेलाबाहेर कान तुटलेला कप टांगलेला असायचा, आणि तो आपल्या बापजाद्यांनी स्वतःच्या हातानं विसळून ठेवला आहे. म्हणजे यांनी खुडलेलं पान सोवळ्यातल्या घरात चालतं. यांच्या बोटांचा स्पर्श उकळून, गाळून, दूध घालून पोटात चालतो. पण यांचा ओठ लागलेला पेला चालत नाही! श्रम गोड, माणूस विटाळ. जातीचं सगळं अर्थशास्त्र या एका घोटात आहे.

डावे मित्र म्हणतील, हा वर्गाचा प्रश्न आहे. बरं, मग सप्टेंबर २०१५ आठवा. दिवसाला २१ किलो पाला खुडायचा आणि मजुरी २३२ रुपये. त्यात बोनस १० टक्क्यांवर आणला. हजारो बायका मळ्यांतून उतरल्या आणि रस्ता अडवून बसल्या. पेंपिळै ओरुमै, म्हणजे बायकांची एकजूट. लाल काय, तिरंगी काय, युनियनच्या पुढाऱ्यांना त्यांनी हाकलून लावलं. टोपली आम्ही उचलायची आणि पैशाची थैली तुम्ही, असा त्यांच्या घोषणांचा अर्थ होता. बोनस आणि सानुग्रह मिळून २० टक्के त्यांनी वसूल केले. मग ५०० रुपये मजुरी मागितली, पदरात ३०१ पडले. पुढं त्या एकजुटीतही फूट पडली. पण एवढ्या वर्षांच्या युनियनबाजीत या बायका पुढारी का होऊ शकल्या नाहीत, याचं उत्तर एकट्या वर्गात सापडत नाही. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढं बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. यांनी एकच लिहून घेतला.

अक्कानं लांबून आपलं घर दाखवलं. लयम म्हणतात त्याला. पत्र्याखाली एका ओळीत खोल्या. नोकरी आहे तोवर घर. नोकरी संपली आणि घरातलं दुसरं कुणी मळ्यात लागलं नाही, की घर खाली करा. म्हणजे पोरीनं शिकायचं की आईचं छप्पर वाचवायचं, ते तिनंच ठरवावं. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री पेट्टिमुडीत डोंगर खाली आला आणि झोपलेल्या लयमांवर बसला. ७० माणसं गेली. दुसऱ्याच रात्री कोळिक्कोडजवळ करिप्पूरला विमान कोसळलं. राज्य सरकारनं विमानातल्या मृतांमागं १० लाख जाहीर केले, लयममधल्या मृतांमागं ५ लाख. मेल्यावरही पेले दोनच!

आणखी एक. अनुसूचित जातींची १९५० ची यादी राज्यवार आहे. तमिळ मजुराच्या पोरानं केरळात जातीचा दाखला मागितला, की कचेरी म्हणते, १९५० पूर्वी तुमचं घराणं इथंच राहत होतं याचा कागद आण. ज्यांच्या नावावर एक गुंठा नाही, राहतं घरही कंपनीचं, ते कागद आणणार कुठून? जात डोंगर चढताना त्यांच्याबरोबर आली, राज्याच्या सीमेवर ती अडली नाही. सवलत तेवढी अडली. मुंबईत दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या आपल्या पोरांना हे समजावून सांगायची गरज नाही.

तेव्हा पोरांनो, मुन्नारला खुशाल जा. भटकंती काय फक्त त्यांच्या बापाची आहे? पण व्ह्यू पॉइंटवरून परत फिरू नका. खाली उतरा, लयमची वाट विचारा, ऊर विचारा. आणि दाखल्याच्या प्रश्नावर आपण इथं तोंड उघडलं पाहिजे, सभेत, अर्जात, मोर्चात. ती माणसं आपली आहेत, भाषा तेवढी वेगळी.