सांध्याची विचारपूस

बारामतीत किंवा इंदापुरात बाजारपेठेतून फेरी मारली, की खाली दुकाने आणि वर दोन-तीन मजले बिऱ्हाडे अशा इमारती दिसतात. दिवाळीच्या सुमारास त्यांना नवा रंग चढतो. आतल्या सांध्यांची विचारपूस मात्र कुणी करीत नाही.

मीही केली नाही. बँकेत असताना घरकर्जाची शेकडो प्रकरणे माझ्या टेबलावरून गेली. सर्च रिपोर्ट पाहिला, जामीनदाराच्या सह्या पडताळल्या. पण बीम जिथे कॉलमला मिळते, तिथे लोखंडी रिंगा घातल्या आहेत का, हे एकदाही विचारले नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. त्यातून आपण सोयीचा धडा घेतला : मातीचे घर वाईट, सिमेंटचे सुरक्षित. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपाने तो खोटा ठरवला. केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. कोयनेचा १९६७ चा भूकंप त्याहून पुष्कळ लहान होता, हे खरे. पण कोयना बारामतीपासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे, हेही खरे.

इमारत डोलते तेव्हा सांधा क्षणात एकीकडे ओढला जातो, क्षणात उलट. त्यातले काँक्रीट तिरपे चिरू लागते. त्याला कवळून धरतात त्या या रिंगा. सळयांच्या गर्दीत त्या ओवणे किचकट, म्हणून अनेकदा गाळल्या जातात. स्लॅब ओतला, की चूक झाकली जाते. सांध्यातही रिंगा हव्यात, हे भारतीय मानक १३९२० ने १९९३ मध्येच सांगितले होते.

ही उणीव भरून काढता येते. आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासणी करून घ्यावी. मग गरजेप्रमाणे कॉलमभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचे जॅकेट चढवतात. स्लॅबला भोके पाडून सळया वरच्या मजल्यात नेतात, बीममधून भोके पाडून सांध्याभोवती रिंगा ओवतात. कुठे पोलादी पट्ट्या बसवतात, कुठे फायबरचे कापड रेझिनने चिकटवतात. जॅकेट स्लॅबखालीच थांबवले, तर मात्र निखळलेला खांदा सोडून दंडाला पट्टी बांधल्यासारखे होईल.

खर्च आहे, गैरसोयही आहे. खालचा दुकानदार दुकान बंद ठेवायला राजी नसतो. वरचा म्हणतो, खर्च खालच्याने करावा. पण सांधा कुणा एकाच्या मालकीचा नसतो. तो दुकानात तुटला, तर वरचे सगळे संसार खाली येतात.

सोसायटीच्या पुढच्या सभेत रंगाचा विषय निघेल. त्याआधी सांध्यांचा काढा. मी विचारायचे राहून गेलो. त्या छताखाली झोपणाऱ्यांनी तरी विचारावे.