अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

नाचता येईना, अंगण वाकडं. ही म्हण ज्याने प्रथम काढली तो नाचणारा नसणार, अंगणाचा मालक असणार, असं मला फार दिवसांपासून वाटत आलंय. आपल्या चुकीचं खापर हत्यारावर फोडू नये हे मीही वर्गात शिकवलं, आणि ते बरोबरच आहे. पण कधीकधी अंगण खरोखरच वाकडं असतं. अशा वेळी म्हण तोंडावर फेकण्यापेक्षा पाणसळ लावून बघणं जास्त शहाणपणाचं, नाही का?

आजचा विषय रायफलीचा आहे. दचकू नका मंडळी! मी शिकारी नाही. शाळामास्तर होतो, भूगोल शिकवत होतो आणि त्यासोबत बरीच वर्षं शाळेची एन.सी.सी.ची तुकडी सांभाळत होतो. आमच्यासारख्या मास्तरांना कामठीच्या अकादमीत प्रशिक्षण मिळतं. तिथे रायफल उघडायची, पुसायची आणि पुन्हा जोडायची शिकलो आणि तिच्याबद्दलचं कुतूहल कायमचं चिकटलं. त्यातूनच आजचं हे भांडण.

जुन्या बोल्टच्या रायफलीचा नेम बिघडला की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. एक तर चालवणाऱ्या पोराला शिव्या बसतात, नाहीतर कुणीतरी म्हणतं, "जुनाट झाली, भंगारात टाका." तिसरी गोष्ट म्हणजे नळी मोजायची आणि झिजली असेल तर नवी बसवायची. ती कुणालाच सुचत नाही. सुचली तरी नको असते, कारण तिच्यात काम आहे.

ज्यांनी रायफल जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बोल्ट म्हणजे आपल्या दाराचा अडसर समजा. तो मागे ओढला की काडतूस बाहेर येतं, पुढे ढकलून दाबला की दार बंद. हा अडसर ज्यात सरकतो ती लोखंडी बॉडी. बॉडीच्या पुढच्या तोंडाला आटे असतात, त्यात नळी घट्ट पिळून बसवलेली असते. म्हणजे नळी हा वेगळा भाग आहे, आणि पहिल्या दिवसापासून तो बदलता येईल असाच केलेला आहे. नळीच्या आत मळसूत्री खाचा असतात. आपल्या .३०३ एनफिल्डला पाच, डाव्या अंगाने फिरणाऱ्या, दहा इंचांत एक वळसा. या खाचा गोळीला गरगर फिरवतात म्हणून ती सरळ जाते.

झिजतात त्या या खाचा. काडतूस बसतं त्याच्या लगेच पुढे तापलेल्या वायूने धातू खरवडून निघतो. जुन्या .३०३ काडतुसांच्या टोपीतले क्षार आत राहिले तर गंज धरतो, म्हणून पूर्वी शिपाई गोळीबारानंतर नळीत उकळतं पाणी ओतत. पॉइंट टू-टूच्या रायफलीत गोळी मऊ शिशाची, दारू कमी. ती नळी गोळ्यांनी फारशी मरत नाही. ती मरते ओलाव्याने आणि आपल्या साफसफाईने! सळई वाकडी घातली किंवा पुल-थ्रूची दोरी कडेला घासत ओढली की नळीच्या तोंडाशी खाचा गुळगुळीत होतात. गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श त्याच जागेचा. ती जागा बिघडली की उरलेली नळी आरशासारखी चमकली तरी उपयोग नाही. बॉडी आणि बोल्ट मात्र नीट वागवले तर एकापाठोपाठ एक अशा कित्येक नळ्या पचवतात.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. लोक ज्या रायफलीला एनफिल्ड म्हणतात तिचं नावच मुळी नळी बदलल्यामुळे पडलं. १८८८ साली इंग्रजांनी जी रायफल घेतली ती ली-मेटफर्ड. बोल्ट जेम्स पॅरिस ली यांचा, नळीतल्या खाचा विल्यम मेटफर्ड यांच्या. पुढे काळ्या दारूच्या जागी कॉर्डाइट आलं. त्याच्या उष्णतेपुढे मेटफर्डच्या उथळ, गोलसर खाचा टिकेनात. मग सरकारने रायफल फेकली का? नाही. लीचा बोल्ट ठेवला, एनफिल्डच्या कारखान्याने खोल, चौकोनी काठांच्या खाचांची नळी केली, आणि १८९५ साली ली-एनफिल्ड जन्मली. पुढची कित्येक दशकं तीच चालली. दुसऱ्या महायुद्धातल्या निवडक रायफलींना त्याच इंग्लंडने १९७० च्या सुमारास ७.६२ मिलिमीटरची नवी, जाड नळी बसवली, आणि त्या १९८२ च्या फॉकलंड युद्धातही नेमबाजांच्या हाती होत्या.

फिनलंडचं उदाहरण तर मला वर्गात सांगावंसं वाटे. १९१७ साली स्वतंत्र झालेला हा छोटा देश. रशियन फौजांच्या मोसिन-नागां रायफली त्यांच्या हाती लागल्या. नव्या बॉड्या घडवण्याच्या भानगडीत फिनलंड पडलंच नाही. रशियन बॉडी घ्यायची आणि तिला उत्तम नळी बसवायची, हा त्यांचा मार्ग. १९२० च्या दशकात तिथल्या नागरी रक्षक दलाने स्वित्झर्लंड आणि जर्मनीहून नळ्या मागवल्या. त्यासाठी लोट्टा स्वार्ड या स्त्रियांच्या संघटनेने पैसे उभे केले, म्हणून त्या रायफलीला लोक 'लोट्टाची रायफल' म्हणू लागले. म्हणजे बायकांनी पैसा गोळा केला तो नव्या बंदुकांसाठी नव्हे, नळ्यांसाठी! आणि १९८० च्या दशकात त्याच फिनलंडने लष्करी नेमबाजांसाठी जी रायफल बांधली, तिच्या काही बॉड्या एकोणिसाव्या शतकातल्या झारच्या कारखान्यांतल्या होत्या.

आपल्याकडे ही विद्या नव्हती असंही नाही. जुन्या .३०३ रायफलींवर 'एफ.टी.आर.' असा छाप आणि पुढे साल दिसतं. म्हणजे त्या साली ही रायफल कारखान्यात पूर्ण दुरुस्त झाली. कारखाना आपलं काम लोखंडावर लिहून ठेवत होता. सरावाच्या पॉइंट टू-टू रायफलींतल्या कितीतरी मुळात .३०३ च होत्या, त्यांना बारीक नळी दिलेली. इशापूरची .३१५ ची स्पोर्टिंग रायफल म्हणजेही तोच लीचा बोल्ट, नळी वेगळी.

आता माझी तक्रार. एका वार्षिक शिबिरात आमच्या शाळेच्या एका पोराने पंचवीस यार्डांवर पाच गोळ्या मारल्या आणि पाचही पाच दिशांना गेल्या. उस्तादांनी सगळ्यांदेखत त्याला नाचाची म्हण ऐकवली. मी लक्ष्याचा कागद हातात घेतला तर दोन भोकं गोल नव्हती, लांबट होती. गोळी आडवी होऊन कागदात शिरली होती. पोराचा श्वास चुकला, खांदा हलला, ट्रिगर झटक्याने ओढला तर गोळी भलतीकडे जाईल, पण आडवी होणार नाही. गोळी आडवी होते तेव्हा खाचांनी तिला धरलेलं नसतं. शेजारची रायफल त्याला देवविली. पाचही भोकं हाताच्या पंजाखाली झाकली जातील अशी आली.

मी त्या रायफलीची नोंदवही मागितली. किती गोळ्या झाल्या, नळी शेवटची कधी मोजली, काहीच नव्हतं. लेखी कळवलं. उत्तर आलं, "सर्व शस्त्रे चालू स्थितीत आहेत." खटका ओढल्यावर आवाज होतो या अर्थाने ती चालू होतीच म्हणा! पण शिबिराच्या नेमबाजी संघात त्या मुलाचं नाव आलं नाही, कारण नोंद पहिल्या पाच गोळ्यांची. रायफल दुसऱ्या दिवशी पुन्हा फलाटावर, दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्याला.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. पहिला 'नवं आणा' वाल्यांचा. २६ नोव्हेंबर २००८ ला छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती .३०३ होत्या, समोर एके-४७. त्यानंतर .३०३ ला हसणं ही फॅशनच झाली. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला जानेवारी २०२० मध्ये निरोप दिला. अशा लढाईत बोल्टची रायफल अपुरी, नवी शस्त्रं हवीत, याबद्दल माझा वादच नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. नव्या रायफलीलाही नळी असते आणि तीही झिजते. जुन्या रायफलीची नोंद न ठेवणारं खातं नवीची ठेवेल, हे कशावरून? आणि सरावाच्या मैदानावर समोर एके-४७ नसते, कागद असतो. तिथे वय आड येत नाही, नळी आड येते.

दुसरा आक्षेप 'जुनं ते सोनं' वाल्यांचा. पणजोबांची परवान्याची रायफल, मूळ नळी काढली तर तिचं मोल जाईल म्हणे. नुसती आठवण म्हणून जपायची असेल तर जरूर ठेवा मूळ नळी. पण जी झाडायची आहे ती नेमकी हवी. आणि कुठली मूळ नळी? ती पणजोबांच्या हयातीतच बदललेली नसेल कशावरून? छाप वाचा आधी.

हेही सांगतो, की नळी बसवणं म्हणजे नळाची तोटी बदलणं नव्हे. बोल्ट बंद झाल्यावर तो आणि काडतुसाची बूड यांत किती जागा उरते ते गेजने तपासावं लागतं. जास्त उरली तर पितळी कवच फाटून तापलेला वायू तोंडावर येतो. मग नेहमीपेक्षा जोरदार काडतूस झाडून रायफल पारखायची, छाप मारायचा. जुन्या बॉडीवर वाटेल ती नळी चढत नाही. १९६० च्या दशकात इशापूरने ७.६२ ची रायफल केली तेव्हा आकार जुनाच ठेवला, पण पोलाद जास्त मजबूत घेतलं, ते याचसाठी. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय शस्त्राची दुरुस्तीदेखील गुन्हा आहे. तेव्हा गावातल्या लेथवाल्याकडे कुणी जाऊ नये. हे काम ज्याचं त्यानेच करायचं. पण ते करणारा माणूस शिल्लक राहायला हवा, आणि त्याच्याकडे काम यायला हवं. नाहीतर एक दिवस गेज असेल आणि तो धरणारा हात नसेल.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक सरावाच्या रायफलीला एक वही, तीत गोळ्यांचा हिशेब, वर्षातून एकदा नळीची मोजणी, आणि नापास नळीला नवी नळी. तोवर आज ज्या मास्तर-बाईंकडे एन.सी.सी. आहे त्यांना एवढंच सांगेन. पोराला बोलण्याआधी कागदावरची भोकं बघा. ती लांबट असतील तर कागद जपून ठेवा, त्यावर रायफलीचा नंबर आणि तारीख घाला, अर्जाला जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.