प्रतिप्रहाराची किंमत आणि संसदेचे मौन

तेलंगणातील विकाराबाद जिल्ह्यात, दामगुंडमच्या जंगलात, १५ ऑक्टोबर २०२४ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी नौदलाच्या एका रेडिओ केंद्राची पायाभरणी केली. २,९०० एकर जमीन आणि सुमारे ३,२०० कोटी रुपयांचा खर्च. झाडे जाणार म्हणून स्थानिकांनी विरोध केला आणि समुद्र शेकडो किलोमीटर दूर असताना येथे नौदल कशाला, असा प्रश्नही उपस्थित झाला. त्याचे उत्तर अण्वस्त्र धोरणात आहे. अतिनिम्न वारंवारितेच्या रेडिओ लहरी पाण्याखाली काही मीटरपर्यंत शिरतात. पाणबुडी वर न येता आदेश घेऊ शकते. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ ‘आयएनएस कट्टबोम्मन’ हे असे केंद्र पूर्वीपासून आहे. युद्धात ते नष्ट झाले तर क्षेपणास्त्रे सुरक्षित राहतील, पण ती डागण्याचा आदेश पोचविणे दुष्कर होईल. दुसऱ्या केंद्राचा खर्च त्यासाठी.

के. सुब्रह्मण्यम यांच्या नेतृत्वाखालील मंडळाने ऑगस्ट १९९९ मध्ये मांडलेला मसुदा आणि सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर केलेले धोरण या दोहोंचा पाया प्रथम वापर न करण्याचे वचन हा आहे. असे वचन देणाऱ्या राष्ट्राला पहिला आघात सोसावा लागतो. त्यानंतरही प्रत्युत्तर देण्याइतकी अस्त्रे, ती वाहून नेणारी साधने आणि आदेश देणारी यंत्रणा शाबूत राहिली नाही तर त्या वचनाला अर्थ उरत नाही. मनोहर पर्रीकर यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये वैयक्तिक मत म्हणून आणि राजनाथ सिंह यांनी ऑगस्ट २०१९ मध्ये पोखरण येथे या वचनाविषयी केलेल्या विधानांवर दिल्लीत बरीच शाई खर्च झाली. वस्तुतः त्या वचनाचे भवितव्य अशा विधानांपेक्षा दरवर्षीच्या तरतुदींवर अधिक अवलंबून आहे.

या तरतुदी कशासाठी लागतात, हे ‘अरिहंत’वरून कळते. ही पाणबुडी २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणम येथे पाण्यात उतरली, ऑगस्ट २०१६ मध्ये गाजावाजा न करता नौदलात दाखल झाली आणि तिची पहिली प्रतिरोधक गस्त पूर्ण झाल्याचे पंतप्रधानांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये सांगितले. तिची अणुभट्टी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची, गिअरबॉक्स वालचंदनगरचा. दुसरी पाणबुडी ‘अरिघात’ ऑगस्ट २०२४ मध्ये दाखल झाली. सुरुवातीच्या के-१५ क्षेपणास्त्राचा पल्ला अवघा ७५० किलोमीटर होता. ३,५०० किलोमीटर पल्ल्याच्या के-४ ची ‘अरिघात’वरून चाचणी नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. एक पाणबुडी अखंड गस्तीवर ठेवण्यासाठी ब्रिटन चार बाळगतो, कारण उरलेल्यांपैकी कोणी दुरुस्तीत, कोणी सरावात असते. जमिनीवरही हाच खटाटोप आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘अग्नि-प्राईम’ रेल्वेवरील प्रक्षेपकातून डागण्यात आले; हलत्या गाडीचा ठाव घेणे शत्रूला कठीण जाते. अर्थात, गाडी असो वा पाणबुडी, ती बांधून खर्च संपत नाही. देखभाल, प्रशिक्षित कर्मचारी, संरक्षण आणि संपर्क यांचा भार कायमचा असतो.

हा भार संसदेला कोठे दिसतो? २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६.८१ लाख कोटी आणि त्यात डीआरडीओसाठी २६,८१६ कोटी रुपये होते. अण्वस्त्रांच्या नावाचे स्वतंत्र शीर्षक त्यात नसते. पाणबुडी प्रकल्पात नौदल, डीआरडीओ आणि अणुऊर्जा विभाग असे तिघे आहेत. पहिल्या दोघांच्या मागण्या लोकसभा सचिवालयाच्या अखत्यारीतील संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे जातात. पंतप्रधानांकडे असलेल्या अणुऊर्जा विभागाच्या मागण्या राज्यसभेच्या विज्ञान-तंत्रज्ञानविषयक समितीकडे. एकाच पाणबुडीचा सांगाडा एका समितीपुढे आणि अणुभट्टी दुसरीपुढे, अशी ही वाटणी आहे. उरतो तो सभागृहातील मतदानाचा टप्पा. २०१८-१९ आणि २०२३-२४ या दोन्ही वर्षी तर सर्वच मंत्रालयांच्या मागण्या गिलोटिनखाली, चर्चेविना संमत झाल्या.

ब्रिटिश संसदेचा अनुभव याहून निराळा आहे. चार नव्या ‘ड्रेडनॉट’ पाणबुड्यांच्या प्रश्नावर तेथील हाऊस ऑफ कॉमन्सने १८ जुलै २०१६ रोजी खुली चर्चा केली आणि ४७२ विरुद्ध ११७ मतांनी निर्णय दिला. ३१ अब्ज पौंडांचा खर्च आणि त्यावर १० अब्जांची राखीव तरतूद, हे आकडे खासदारांपुढे होते. त्यामुळे गस्तीचे मार्ग उघड झाले नाहीत.

गोपनीयतेची भारतीय परंपरा निष्फळ ठरली, असे मात्र म्हणता येणार नाही. अनेक पंतप्रधान आणि आघाड्यांची सरकारे आली-गेली, तरी पाणबुडी प्रकल्प पक्षीय वादात सापडला नाही, याचे श्रेय बऱ्याच अंशी तिलाच आहे. तथापि संशोधनाच्या काळात साजेशी असलेली पद्धत तैनातीच्या काळात अपुरी पडते. भांडवली तरतुदीवर लढाऊ विमाने, तोफा आणि पारंपरिक पाणबुड्या असे सारेच हक्क सांगतात. ओढाताणीच्या वर्षी कात्री कोठे लागली, हे ज्या सभागृहाला समजत नाही, ते या खर्चाची पाठराखण तरी कशी करणार? क्षेपणास्त्रांची संख्या किंवा ठिकाणे कोणी मागत नाही. दोन्ही समित्यांच्या निवडक सदस्यांना बंद दाराआड एकत्रित खर्च दाखविण्यास घटनादुरुस्तीही लागत नाही. तरीही विरोधी बाकांवरून ही मागणी नेटाने पुढे येताना दिसत नाही. उद्या सत्तेत आल्यावर हीच गोपनीयता सोयीची ठरेल, हा हिशेब त्यामागे नसेलच असे नाही.